धोंड्यावरचा मध आणि आदराचा ठराव

एका जंगलात घडलेली ही गोष्ट, मुलांनो, माझ्याइतकी नीट कुणालाच ठाऊक नाही. मी स्वतः त्या जंगलात जाऊन आलोय. म्हणजे फाट्यापर्यंत गेलो होतो. पुढं एसटी जात नाही.

तर त्या जंगलात झऱ्याकाठी एक धोंडा होता. तोच सगळ्यांचा देव. अस्वलं म्हणत, देव धोंड्यावर बसतो. साळिंदरं म्हणत, धोंड्याखाली राहतो. वटवाघळं म्हणत, देव उलटा लटकतो, तुम्हीच सगळे सरळ उभे राहून चुकताय.

अस्वलं धोंड्यावर मध ठेवत. साळिंदरं कंद ठेवत. वटवाघळं पिकली उंबरं आणून टाकत. रीत अशी, की आपण ठेवलेलं आपण खायचं नाही. ते देवाला दिलं. दुसऱ्यानं ठेवलेलं खुशाल खायचं. ते देवानं दिलं. हे कसं, ते मला विचारू नका. मी चौथीतच शाळा सोडली.

तिथं धुरपाआजी नावाची एक म्हातारी साळिंदर होती. तिचे सगळे दात पडले होते. कंद चावेना, उंबर मिळालं तर मिळालं. ती जगत होती ती अस्वलांच्या मधावर. रोज चाटायची आणि रोज नावं ठेवायची.

"झिपऱ्या, यंदाचा मध पातळ आहे रे. तुझा देव पाणी घालतो काय त्यात?"

"गिळ की म्हातारे गुमान," झिपऱ्या अस्वल तोंडात कंद कोंबत म्हणायचा. "तुमच्या कंदाला निम्मी मातीच. देव भुईखाली ठेवला की असंच व्हायचं."

एक दिवस हे बोलणं एका रोहित पक्ष्यानं ऐकलं. लांब मान, गुलाबी पाय, गळ्यात पाटी. पाटीवर लिहिलं होतं, 'समन्वयक'. तो दूरच्या सरोवरावरून आला होता. तिथं एक मोठा सलोखा निधी होता. आडरानातल्या निरनिराळ्या धर्मांत संवाद घडवायला तो ठेवलेला होता. आणि पावसाळ्याआधी संपवायचा होता.

"आजी, हा तुम्हाला रोज असं बोलतो?" समन्वयकानं हळू आवाजात विचारलं.

"रोज कुठलं? परवा आला नाही मेला. दिवसभर करमलं नाही मला."

समन्वयकानं लिहून घेतलं: तणाव तीव्र. पीडितेला जाणीव नाही.

मग झऱ्याकाठी तीन दिवसांचा संवाद मेळावा झाला. निधीतून मांडव पडला. निधीतून मक्याची उकडलेली कणसं आली. प्रत्येकाच्या गळ्यात धर्माची पाटी आली, कारण तोवर कोण कुठल्या धर्माचा हे पाठीवरचे काटे बघूनच ओळखावं लागत होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या जखमा सांगितल्या. ज्यांना नव्हत्या त्यांना आठवायला वेळ दिला. तिसऱ्या दिवशी ठराव झाला, की एकमेकांच्या श्रद्धेचा आदर करायचा आणि दुसऱ्याच्या नैवेद्याला हात लावायचा नाही. सगळे रडले. सगळ्यांनी मिठ्या मारल्या. साळिंदरांना मिठी मारण्याचं तत्त्वतः मान्य झालं.

ठरावाच्या दुसऱ्या दिवशी धुरपाआजी धोंड्याकडं आली. झिपऱ्या हात जोडून आडवा उभा.

"आदरणीय साळिंदर भगिनी, नमस्कार."

"भगिनी कुणाला म्हणतोस रे? सरक. भूक लागलीय."

"तो मध म्हणजे आमच्या भावना आहेत."

"कालपरवापर्यंत तुझ्या भावना मीच चाटत होते की!"

झिपऱ्यालाही सकाळपासून कंद मिळाला नव्हता. पण त्याला ठरावाच्या समितीवर घेतलं होतं.

आजीनं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी गळ्यातली पाटी काढून त्याच्यापुढं धरली. "मला अस्वल लिही."

"अस्वल झालीस तर आपलाच नैवेद्य कसा खाशील?" झिपऱ्या म्हणाला. "रीत आहे ना, म्हातारे." मग त्यानं इकडंतिकडं बघून घाईनं दुरुस्ती केली, "भगिनी."

महिन्याभरात आजीची कातडी लोंबायला लागली. उठून बसली की दोनचार काटे जागेवरच राहायचे.

तेवढ्यात समन्वयक मूल्यमापनाला आला. झऱ्यावर चिडीचूप. अस्वलं अस्वलांशी बोलत होती, वटवाघळं तेवढंही बोलत नव्हती. भांडण औषधालाही नाही. त्याचे डोळे भरून आले. मग त्याला धोंड्यावरचं मधाचं रिकामं पान दिसलं.

"आजी, हा मध कोण खातं?"

"मुंग्या."

"त्यांनी ठराव मानला नाही?"

"त्यांना बोलावलंच कुठं होतंत? तुमच्या कागदात त्यांचा धर्म सापडला नाही."

समन्वयक गंभीर झाला. त्यानं कागद काढला, एका पायावर उभा राहिला आणि अहवालाचा शेवट लिहिला. तोच तुम्हाला खाली देतो, मुलांनो. माझ्याच्यानं एवढं शुद्ध लिहवत नाही.

तात्पर्य: जिथे कोणीही दुसऱ्याच्या नैवेद्याला हात लावत नाही, तिथे कायमची शांतता नांदते.

हे त्यानं आजीला दोनदा वाचून दाखवलं. वर म्हणाला, "काळजी करू नका आजी. पुढच्या वर्षी मुंग्यांनाही मेळाव्यात घेऊ."

"पुढच्या वर्षी घ्या की," धुरपाआजी म्हणाली. "यंदा मला त्यांच्यात घाला."