केरबा खेकड्याची कात-रजा

एका जंगलात हाडे आत असणाऱ्यांचे राज्य होते. मुलांनो, तुमची हाडे आत आहेत, त्यामुळे तुम्हाला यात काही गैर वाटणार नाही. केरबा खेकड्यालाही वाटत नव्हते. त्याची हाडे बाहेर होती, पण त्याला नोकरी होती.

नोकरी पाणवठ्यावरची होती. ओढ्याकाठी एक सपाट दगड होता. त्यावर बसायचे आणि उजवी नांगी वर धरायची. नांगी वर असली की जनावरांनी थांबायचे, खाली आली की पाणी प्यायचे. उजवीच का? तर ती डावीपेक्षा मोठी होती. खेकड्यांत असे असते. त्यावरून कोणी कोणाला हसत नाही.

केरबा काम मन लावून करी. तरी त्याच्याबद्दल तीन तक्रारी होत्या. तो तिरका चालतो. तोंडाला फेस आणतो. आणि साहेबांनाही रांगेत उभे राहायला सांगतो. साहेब म्हणजे रानगवा.

एका वर्षी श्रावण सरत असताना केरबाला त्याचे कवच घट्ट होऊ लागले. खेकडा आतून वाढतो, कवच वाढत नाही. आपला सदरा घट्ट झाला तर आपण वरची गुंडी सोडतो. खेकड्याला गुंडी नसते. त्याला अख्खे कवच टाकून द्यावे लागते. खालचे नवे कवच आठ-दहा दिवस ओल्या पापडासारखे मऊ असते. तोवर दगडाखाली लपून बसावे लागते, नाहीतर कोणीही येऊन खाऊन जाते.

म्हणून केरबा रजा मागायला वानररावांकडे गेला. वानरराव हजेरी घेत असत.

"कात टाकायचीय. दहा दिवस रजा पाहिजे."

"कात-रजा सापाला असते."

"मीही कातच टाकतो की, वानरराव."

"तुला कणा आहे?"

"नाही."

"मग झालं तर! नियमात लिहिलंय, कणा असणाऱ्यालाच कात-रजा. साप म्हणजे नुसता कणाच. तुझी हाडं कुठायत?"

"बाहेर." केरबाने नांगीने पाठ वाजवून दाखवली.

"आणि आत काय आहे?"

"मी आहे."

वानररावांनी अर्जावर शेरा मारला, 'आत विशेष काही नाही. रजा नामंजूर.'

पण शरीराला शेरा वाचता येत नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, कामावर असतानाच, केरबाच्या कवचाला मागच्या बाजूने फट पडली. तो तिच्यातून उलटा, मागे मागे सरकत बाहेर येऊ लागला. आठही पाय मोज्यातून काढावेत तसे ओढून काढावे लागले. नांग्या काढताना तर प्राण कंठाशी आले. डोळ्यांच्या दांड्यांवरचे पापुद्रे निघाले, कल्ल्यांवरचे निघाले. पोटातले दातसुद्धा निघाले. हो, खेकड्याचे चावायचे दात पोटात असतात. म्हणून तो चिडला तरी दात खाताना दिसत नाही.

बाहेर आल्यावर केरबाने वळून पाहिले. दगडावर केरबा बसला होता. उजवी नांगी वर.

कवच ओढून न्यायचे म्हटले, तर पायांत जोर नव्हता. पलीकडच्या काठावर ढोकरी मान आखडून उभी होती. या पक्ष्याला मऊ खेकडा फार आवडतो. केरबा कसाबसा दगडाखाली घुसला.

दगडाखाली गोदाक्का गोगलगाय राहत असे.

"अरे, कवच वरच ठेवून आलास?"

"ओढवेना, अक्का."

"त्यातला चुना तुझा आहे, बाबा. तो पोटात गेल्याशिवाय नवं कवच टणक व्हायचं नाही. आमचं बघ. जन्माचा शंख, त्यालाच कडेकडेनं वाढवत आणला. टाकाटाकी नाही, नागडं होणं नाही. तुम्हा खेकड्यांचं म्हणजे एकेक—"

"ढोकरी गेली का, अक्का?"

"कुठली जाते! तिला काय घाई आहे?"

केरबाला पाच दिवस थांबणे भाग होते. पोटातले नवे दातही मऊच होते.

इकडे वर वानरराव हजेरीला आले. "केरबा!" त्यांनी हाक मारली. उत्तर नाही, फेस नाही, फक्त नांगी वर. त्यांनी 'हजर' लिहिले आणि पुढे गेले.

दोन दिवसांनी साहेब आले. रांग मोडून सरळ पाण्यात उतरले, बसले, लोळले. पाण्यात जे करू नये तेही त्यांनी केले. मग सवयीने दगडाकडे पाहिले.

"हा काही बोलला नाही," साहेब म्हणाले.

"नाही, साहेब," मागून वानरराव म्हणाले.

"तिरकाही गेला नाही."

"बोटभरसुद्धा नाही, साहेब. परवा दुपारपासून जेवायलाही उठला नाही."

"याला म्हणतात निष्ठा. इतकी वर्षं असा का नव्हता हा?"

तिथल्या तिथे हुकूम निघाला. केरबा पहारेकरी आता पाणवठा-अधिकारी झाला, आणि कायम झाला. वानररावांनी त्याच्या नांगीत कुर्डूच्या फुलांची माळ अडकवली.

नांगी काही खाली येईना. हरणे दोन दिवस तहानलेली उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ती डोंगरापलीकडच्या डोहावर जाऊ लागली. पाणवठ्यावर गर्दी उरली नाही, धक्काबुक्की उरली नाही. वानररावांनी अहवालात लिहिले, 'सुव्यवस्था प्रस्थापित.'

सहाव्या दिवशी केरबा दगडावर चढला. वानरराव तिथे होते म्हणून ढोकरी जरा लांब होती.

"हे माझं आहे," केरबा कवचाकडे नांगी करून म्हणाला. "मला खायचंय."

"अधिकाऱ्यांना खायचंय? कोण रे तू?"

"मी केरबा."

वानररावांनी त्याला बोटाने दाबून पाहिले. बोट आत गेले. "केरबासाहेब टणक आहेत. तू चिखलासारखा. शिवाय तू त्यांच्यापेक्षा मोठा आहेस."

"कवचातून निघाल्यावर पाणी पिऊन फुगावं लागतं. नाहीतर नवं कवच लहानच राहील. आणि त्यांच्यात कोणी नाही, वानरराव. मागे फट आहे, बघा ना!"

वानरराव मागे गेले. वाकले. एक डोळा मिटून फटीतून बराच वेळ पाहत राहिले. मग सरळ उभे राहिले आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "साहेबांच्या आत डोकावणं हे आपलं काम नाही. चल, नीघ."

ढोकरी दोन पावले पुढे आली. केरबा खाली पळाला.

"आता?" तो रडकुंडीला आला. "आणखी चार दिवस असाच मऊ राहिलो, तर मीच जातो."

गोदाक्काने एक शिंग आत घेतले, एक बाहेर काढले. ती विचार करताना असे करी. "अधिकारी म्हटला की त्याला सेवक लागतो," ती म्हणाली. "धूळ पुसायला."

केरबाने सेवकाच्या जागेसाठी अर्ज केला. वानररावांनी पुन्हा बोट दाबून पाहिले आणि खूश झाले. "मऊ आहेस. उत्तम. साहेबांना ओरखडा पडणार नाही."

केरबा दगडावरच्या या नव्या साहेबांच्या पोटाखाली शिरून पुसू लागला. तिथे ढोकरीची चोच पोचत नव्हती. पहिल्या दिवशी त्याने मागचा एक पाय पुसला आणि खाल्ला.

"साहेबांचा पाय दिसत नाही," वानरराव म्हणाले.

"आखडून घेतलाय. गारवा आहे ना!"

दुसऱ्या दिवशी तीन पाय दिसेनात. "चिंतनात आहेत," केरबा म्हणाला. तिसऱ्या दिवशी पाठ गेली, पोट गेले. चौथ्या दिवशी दगडावर फक्त उजवी नांगी उभी होती. माळेसकट. एक वाट चुकलेले भेकर आले, नांगी पाहून अदबीने थांबले, आणि तहानलेलेच परत गेले.

पाचव्या दिवशी केरबाने नांगीही संपवली. पाठीवर वाजवून पाहिले. खणखणीत आवाज आला. ढोकरीने येऊन एक चोच मारून पाहिली, चोच झटकली आणि बेडकांच्या मागे गेली. केरबा जिवंत राहिला होता.

तो आपल्या जागी बसला. नांगी वर केली.

"आले का साहेब!" वानरराव म्हणाले. "तब्येत सुधारली हो तुमची."

तेवढ्यात रानगवा आला आणि रांग नसलेल्या पाण्यात धाडकन उतरला. केरबाच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेले, "साहेब, जरा हळू. पाणी पिण्याचं आहे."

रानगवा थबकला. वानररावांची शेपटी ताठ झाली.

"कोण बोललं?" रानगव्याने विचारले.

"अधिकारी बोलले, साहेब."

"आपला अधिकारी बोलत नाही. त्याच्या आत कोणीतरी शिरलंय. फोड आणि बाहेर काढ."

वानररावांनी दगड उचलला. केरबाला घाम फुटला असता, पण खेकड्याला घाम येत नाही. त्याने फेस गिळला. पाय आवळले. डोळे मिटावेसे वाटले, पण खेकड्याला पापण्या नसतात, म्हणून ते तसेच रोखलेले राहिले. तो बसला, नुसता बसला. पाठीवर माशी बसली, ती उडवली नाही. मुंगी डोळ्यावरून गेली, तिला जाऊ दिले.

वानररावांनी आधी दगड पाठीवर हळूच वाजवून पाहिला. कान लावला. पुन्हा वाजवला.

"गैरसमज झाला, साहेब," ते म्हणाले. "रिकामेच आहेत."

"खात्री आहे?"

"एकदम रिकामे."

रानगवा समाधानाने पाण्यात बसला. आणि मुलांनो, केरबाला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की तो कोणालाही कळला नाही.

तात्पर्य : कवच टणक व्हावे म्हणून वाटेल ते कष्ट घ्यावेत. एकदा ते झाले, की आत कोणी राहते आहे अशी शंका वरिष्ठांना येऊ देऊ नये.