पिस्टन आणि मुराळी

माझं एरंडोलला औषधांचं दुकान आहे. सिरिंज मागायला माणसं येतात ती चेहरा पाडून, हातात चिठ्ठी धरून. गावातले शेतकरी भिकननाना मात्र मिशीवर हात फिरवत आले. "सर्वात मोठी दे," म्हणाले, "आनि सुई नको." कोण आजारी आहे असं विचारलं, तर म्हणाले, "कोन्ही नही. बाईले तेल पाजनं शे."

बाई म्हणजे नानांची बायको, अशी माझी समजूत. मी चांगलाच हादरलो. नाना जाताच त्यांच्या घरी फोन लावला. काकूंनीच उचलला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ती बाई येगळी. ती गोठामा ऱ्हास."

गोठ्यातली बाई म्हणजे नानांची फटफटी. पुढून जुनी टू स्ट्रोक मोटारसायकल, मागून दोन चाकं आणि लाकडी खोका. कपाशीच्या गोण्या, म्हशीचा चारा, पाहुणे, सगळं त्या खोक्यातून जायचं. सरकारदरबारी ती अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे डांबरी रस्ता तिला वर्ज्य. बांध, नाले, गाडवाट आणि गिरणेचं कोरडं पात्र, एवढंच तिचं राज्य. टू स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागतं. ते नाना सिरिंजने मोजून घालत आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. तेलाने सिरिंजचं रबर फुगलं, की पुन्हा माझ्या दुकानात हजर. गावात बरेच जण औषधवाल्याला डॉक्टर म्हणतात, तसे तेही मला डॉक्टर म्हणत. फक्त ते म्हणताना थोडं हसत.

माणसांचेही त्यांनी दोनच प्रकार केले होते. "टू स्ट्रोक मानूस बोलस नी करस," ते सांगत. "फोर स्ट्रोकवाला पहिले हवा लेस, मंग दाबी ठेवस, मंग भडकस, मंग धूर सोडस. काम एकच." मी फोर स्ट्रोक. माझे दोन्ही भाऊ फोर स्ट्रोक. काकू लग्नाच्या वेळी फोर स्ट्रोक होत्या, पण हळूहळू सुधारल्या, असं ते काकूंच्या देखत म्हणत, आणि काकू त्यांच्यापुढे ताट जरा जोरात आदळत.

अशा माणसाच्या फटफटीचं इंजिन जाम व्हावं आणि ते व्याह्यांच्या हातून व्हावं, याला काय म्हणायचं? नानांचे व्याही धुळ्याचे. फार सज्जन, फार रीतभात पाळणारे. पाहुणे म्हणून आले आणि नानांचं शेत बघायला फटफटी घेऊन गेले. दुसऱ्याची गाडी घेतली तर टाकी भरून परत द्यावी, ही त्यांची शिस्त. शेताच्या कडेला हायवेवर पंप झाला आहे, तिथे जाऊन त्यांनी टाकी काठोकाठ भरली. नुसत्या पेट्रोलने. ऑइलचा थेंब नाही. परतीच्या वाटेवर ऐन उन्हात इंजिनाने एकदा किंकाळी मारली आणि ते जागीच गप्प झालं. व्याह्यांनी आणि मी मिळून ती ढकलत आणली. मी त्या वाटेने दुकानात निघालो होतो, माझा काही संबंध नव्हता.

नानांनी किक दाबून पाहिली. किक हलेना. टाकीचं झाकण उघडून त्यांनी वास घेतला. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण समोर मुलीचा सासरा. नानांच्या कानशिलावरची शीर तेवढी उडत होती. "काही नही, याही," ते म्हणाले. "यंत्र शे, व्हस असं. तुम्ही च्या ल्या." त्या दिवशी व्याह्यांना त्यांनी आग्रह करकरून चहा पाजला.

आखाजी अगदी तोंडावर आली होती. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. त्या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला माहेरचा जो माणूस जातो तो मुराळी. नाना दरवर्षी आपल्या थोरल्या बहिणीचे मुराळी. अक्का गिरणेच्या पलीकडच्या गावात, वय पंचाहत्तरीच्या पुढे. तिला आणायला नाना फटफटी घेऊन पात्रातून जात. आता फटफटीच मेली.

व्याही बिचारे शरमेने अर्धे झाले होते. त्यांच्या पुतण्याचं धुळ्यात गॅरेज. त्याने नव्या गाडीचं फोर स्ट्रोक इंजिन बसवून द्यायची तयारी दाखवली, तेही एका दिवसात. नाना म्हणाले, नको. मी म्हटलं, माझी कार घ्या, पुलावरून आरामात जाऊ, अक्काला एसीत आणू. नाना म्हणाले, नको. का नको, तर, "फोर स्ट्रोकले आवाज शे का? शिलाई मशीन बरं." मला राग आला. बहीण महत्त्वाची की फटफटी, असं मी तोंडावर विचारलं. नाना पाना उचलून इंजिनाच्या हेडचे नट सोडायला बसले.

सिलिंडर वर ओढला तेव्हा आतलं दृश्य बघवत नव्हतं. पिस्टन एका बाजूने खरवडलेला, रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या, सिलिंडरच्या भिंतीला ॲल्युमिनियम लेपासारखं लागलेलं. पिस्टन नवा हवा, तोही एक नंबर मोठा, आणि त्याच्या मापाने सिलिंडर लेथवर कापून आणायला हवा. नाना निघाले. पारोळ्यात दुकानदार हसला. भुसावळला एकाने भंगारवाल्याचा पत्ता दिला. मी सोबत होतो, कारण "डॉक्टरले इंग्रजी डबा वाचता येस." शेवटी धुळ्यात एका म्हाताऱ्या दुकानदाराने शिडी लावून माळ्यावरून धुळीने माखलेला डबा काढला. नानांनी पिस्टन धोतराला पुसला, नखाने वाजवून पाहिला, उजेडात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "शे." तिथून सरळ जळगाव. लेथवाला म्हणाला, दोन दिवसांनी या. नाना त्याच्या दारातल्या स्टुलावर बसले आणि उठायलाच तयार होईनात. कंटाळून त्याने संध्याकाळीच काम करून दिलं.

इंजिन जोडताना मी कंपाउंडर. पिस्टनच्या पिनेला दोन्ही बाजूंनी तारेचं इवलंसं लॉक लागतं. ते निसटून खाली इंजिनाच्या पोटात पडू नये म्हणून मी दुकानातून बँडेजचं कापड आणलं, त्याच्या उघड्या तोंडात कोंबायला. "कसाले?" नाना म्हणाले. "मना हात कापतस का?" हात थरथरला नाही, पण लॉक सुटलं आणि सरळ आत. मला बोलायचं बरंच होतं. नानांनी माझ्याकडे न बघता बोल्ट सोडले, सगळं इंजिन सांगाड्यातून उतरवलं आणि आम्ही दोघांनी ते उलटं धरून आंघोळीच्या बादलीसारखं हलवलं. लॉक टप्पकन पडलं ते म्हशीच्या पायाशी. काकूंनी शेणातून शोधून, धुऊन, पदराने पुसून आणून दिलं. नानांनी ते फेकलं, डब्यातलं नवं घेतलं आणि हात पुढे केला. "आन तुनं कापड."

पहिल्या किकला काही नाही. दुसरीला नुसता सुस्कारा. नाना घामाने निथळत किक मारत राहिले, मी मनातल्या मनात कारला हवा भरून घेतली. मग एकदम निळा धूर, आणि ती कर्कश टर्रर्र. म्हशीने दावं तोडलं. नाना गोठ्यात उभे राहून रडायच्या बेतात होते, धुरामुळे, असं म्हणाले.

नवा पिस्टन सुरुवातीला हळू चालवून मुरवावा लागतो. म्हणून आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही गिरणेतून निघालो ते पायी चालणाऱ्याच्या गतीने. दोन बैलगाड्या आमच्या पुढे निघून गेल्या. मी मागे खोक्यात गोधडी घेऊन बसलो होतो, येताना अक्काला धरायला.

गावात शिरलो तर अक्का ओट्यावर उभी. नवं लुगडं, पायात चपला, काखेत गाठोडं. तिची सून बाहेर आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "फटफटी पात्रातच होती, तवाच आवाज ओळखून सासूबाई उठल्या. स्वतः गाठोडं बांधलं. नाहीतर आता कोणालाच ओळखत नाहीत. पोटच्या पोराला साहेब म्हणतात. दिवाळीत नदीला पाणी होतं म्हणून नाना एसटीने आले होते न्यायला, तर सासूबाईंनी दारच लावून घेतलं. म्हणे, परका माणूस शे. नाना दिवसभर ओट्यावर बसले आणि तसेच गेले."

मला एकदम सगळं कळलं आणि माझ्या कारची लाज वाटली.

अक्का आम्हा दोघांकडे बघतही नव्हती. तिने फटफटीच्या टाकीवरून हात फिरवला. मग नानांना नीट न्याहाळलं. "तू कोन रे भाऊ? मना भाऊ नही उना?"

नानांनी तिच्या काखेतलं गाठोडं घेतलं. "वावरमा काम शे त्याले," ते म्हणाले. "त्यानीच माले धाडं."

"येवाले पाहिजे व्हतं त्यानी," अक्का फणकारली, आणि खोक्यात चढून बसली.

पात्रातून परतताना ती नानांच्या पाठीशी तोंड नेऊन सारखी बोलत होती. मना भाऊ लहानपनी असा आळशी, मना भाऊले आंघोळीचा कंटाळा, पन दर आखाजीले लेवाले येस, कधी चुकना नही. नाना "व्हय अक्का, व्हय" म्हणत गाडी खड्डे चुकवत नेत होते. मी तिचा दंड धरून बसलो होतो.

अर्धी नदी ओलांडल्यावर तिला त्या ड्रायव्हरची दया आली असावी. "तू बी चांगला शे रे," ती म्हणाली. "तुले बहीन शे का?"

"शे ना."

"तिले लेवाले जास का आखाजीले?"

नानांनी मागे वळून पाहिलं नाही. "जास ना, अक्का," ते म्हणाले. "दरसाल जास."