अनामिक उंटाच्या शंका

सोमवारी सकाळी मॅनेजरबाईंनी लिफ्टदुरुस्ती कंपनीतल्या दहाही जणांना एका खोलीत बोलावलं आणि भिंतीवर एक कोरं पान दाखवलं. पान इंटरनेटवर होतं. प्रत्येकाने आपापल्या फोनवरून त्यात लिहायचं, दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं आणि त्यात भर घालायची. एकाला जे ठाऊक आहे ते सगळ्यांना ठाऊक व्हायला हवं, असं बाईंचं म्हणणं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात ती कंपनी पहिल्यापासून तरबेज होती.

पानाची जबाबदारी स्टोअरकीपरच्या गळ्यात पडली.

"शुक्रवारी बारापर्यंत पन्नास नोंदी झाल्या," बाई म्हणाल्या, "तर आपण वर प्रशिक्षण विभाग सुरू करू. तो तुम्ही सांभाळायचा. खिडकीजवळचं टेबल तुमचं. नाही झाल्या, तर पान बंद आणि तुमचं आहे ते काम चालू."

आहे ते काम म्हणजे तळघर. एकोणीस वर्षं तो बिचारा नटबोल्टांच्या खोक्यांमध्ये ट्यूबलाइटखाली बसून होता. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्याला वरून येणाऱ्यांच्या बुटांवरून कळायचं. खिडकी म्हटल्याबरोबर तो मनातल्या मनात तिथे जाऊन बसलासुद्धा.

मंगळवार संध्याकाळपर्यंत पानावर एकच नोंद होती : "चाचणी." ती त्यानेच केली होती.

"अहो, लिहा ना एखादी ओळ," त्याने मोठ्या मिस्त्रींना गळ घातली. मोठ्या मिस्त्रींचं सव्वीस वर्षांचं ज्ञान शर्टाच्या आतल्या खिशातल्या डायरीत होतं आणि ती डायरी फक्त आंघोळीच्या वेळी त्यांच्यापासून लांब जात असे.

"चटके खाऊन शिकलोय मी," मिस्त्री म्हणाले. "ते काय असं फुकट उधळायला?"

"आणि तुम्ही?" त्याने छोट्या मिस्त्रींना विचारलं.

"आधी मोठ्यांनी लिहू दे. मी कशाला आगाऊपणा करू?"

बाकीचे सात जण या दोघांच्या तोंडाकडे बघत बसले होते. शेवटी स्टोअरकीपरने घरी जाता जाता बसमध्ये उभ्या उभ्या एक कडक संदेश लिहिला : "या पानावर प्रत्येकाने रोज किमान एक नोंद करायचीच आहे. लिफ्टबद्दल जे कळत नाही ते विचारा, जे कळतं ते सांगा. टाळाटाळ खपवून घेतली जाणार नाही." खाली पानाची लिंक जोडली, डोळे मिटून बोट दाबलं आणि फोन खिशात टाकला. बस वळणावर होती, त्याचा एक हात दांडीला होता आणि फोनमध्ये ऑफिसच्या गटाखालीच घरच्यांचा गट होता. पुढचं सगळं त्या वळणावर ठरलं.

बुधवारी सकाळी पान उघडलं तर बारा नोंदी! त्याने डोळे चोळले. नाव न सांगता लिहिणाऱ्याला ते पान आपणहून एखाद्या प्राण्याचं नाव देत असे. पहिलीच शंका कुणा अनामिक उंटाची होती : "लिफ्ट थांबताना दचकते ती का? मला धरायला काही सापडत नाही. दोन वर्षं हेच विचारणं चाललंय, कुणी धड सांगत नाही."

त्याखाली अनामिक पाणघोड्याने मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिलं होतं : "दोर कोरडे पडले असतील. बादलीभर तेल ओता."

आणि त्याखाली, सहा वाजून सात मिनिटांनी, साक्षात मोठे मिस्त्री : "अजिबात नाही! माणूस मरेल! दोर तेलकट झाला तर चाकावरून घसरतो. हा पाणघोडा कोण आहे त्याला माझ्यासमोर उभा करा. दचकण्याचं कारण ब्रेक."

सहा वाजून दहा मिनिटांनी छोटे मिस्त्री : "दर वेळी ब्रेकच असतो असं नाही. मी चार ठिकाणी बघितलंय."

मग दोघांची जी जुंपली, की डायरीतलं पान न् पान बाहेर आलं. शहाण्याला न विचारता शिकवायचा कंटाळा येतो, पण दुसऱ्याने चुकीचं सांगितलेलं ऐकून गप्प बसणारा शहाणा अजून जन्माला यायचाय. दुपारपर्यंत बाकीचे सात जणही आपापल्या काठ्या घेऊन मैदानात उतरले. उंट विचारत होता, पाणघोडा चुकत होता आणि सगळी कंपनी तुटून पडत होती. संध्याकाळी नोंदी झाल्या एक्केचाळीस.

"हा उंट आपल्यातला फार हुशार माणूस दिसतोय," बाई खूश होऊन म्हणाल्या. "किती मुळातलं विचारतो! कोण आहे हो?"

"शोधतो मॅडम," तो म्हणाला आणि तरंगतच घरी गेला.

रात्री जेवायला बसल्यावर सासूबाईंनी सहज विचारलं, "जावईबापू, ब्रेकची पट्टी झिजली हे बाहेरून कसं ओळखायचं हो? ते तापट मिस्त्री लिहिता लिहिता मधेच थांबले."

त्याने उचललेला घास परत ताटात ठेवला.

"कोण मिस्त्री?"

"तुमचे ते. स्वभावाने जरा आगाऊ आहेत, पण समजावतात छान."

"अहो, तुम्हीच नाही का हुकूम सोडलात?" बायको पाणी पुढे करत म्हणाली. "टाळाटाळ खपवून घेतली जाणार नाही म्हणे! आई तर दोन वर्षं आपल्या लिफ्टवर बोलतेय. तिला वाटलं, चला, जावयाला कधी नव्हे ती दया आली."

"आणि पाणघोडा?"

"मी," मेहुणा हात धुता धुता अभिमानाने म्हणाला. त्याचं चपलांचं दुकान होतं आणि चपला सोडून सगळ्या विषयांत त्याला गती होती. "दाजी, तेलाचं मी अजून सोडलेलं नाही हं."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण आहे. इथे सासूने उंट धाडला होता आणि मेहुण्याने पाणघोडा. बाईंना कळलं की नोंदी घरून भरून आणल्या, तर खिडकी राहिली बाजूला, तळघरातलं स्टूलही जाईल, या भीतीने त्याला घाम फुटला. "उद्यापासून कुणी एक अक्षर लिहायचं नाही!" असं दरडावून त्याने पानावरून उंट आणि पाणघोड्याच्या सतराही नोंदी पुसून टाकल्या. सासूबाई ताट उचलून आत निघून गेल्या.

गुरुवारी नऊ वाजता मोठे मिस्त्री दाणदाण पायऱ्या उतरून तळघरात आले.

"माझ्या नोंदीवरचं कुणी पुसलं?"

"तुमची नोंद आहे की."

"काय आहे? 'अजिबात नाही! माणूस मरेल!' एवढंच आहे! वर काहीच नाही! वाचणाऱ्याला काय वाटेल, मिस्त्रीला झटका आला?"

ते खरंच होतं. पानावर नुसती उत्तरं उरली होती. एका ठिकाणी छोटे मिस्त्री "मुळीच पटत नाही" म्हणत होते आणि काय पटत नाही ते कुणालाच कळत नव्हतं. सुदैवाने पान आपली जुनी प्रत जपून ठेवत होतं. मिस्त्री डोक्यावर उभे असतानाच त्याने ती परत आणली. उंट आला, पाणघोडा आला, पण नवं काही आलं नाही. विचारणारंच कुणी नाही म्हटल्यावर सांगणारे पुन्हा तोंडात मूग धरून बसले. संध्याकाळीही एक्केचाळीस.

शुक्रवारी सकाळी त्याने सासूबाईंच्या खोलीचं दार वाजवलं.

"आई, दोन-चार शंका विचारता का?"

"मी अडाणी बाई," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तुमच्या कंपनीच्या कामात मी कशाला तोंड घालू?"

"चुकलो आई. बारा वाजेपर्यंत नऊ नोंदी नाही झाल्या तर मी जन्मभर तळघरात."

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. जावई एकोणीस वर्षं तळघरात बसतो हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याला ते खुपतं हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"लिहिते," त्या म्हणाल्या. "पण उंट म्हणून नाही. स्वतःची ओळख सांगून."

नाही म्हणायची सोय नव्हती. साडेदहाला पानावर नोंद उमटली : "मी स्टोअरकीपरची सासू, पाचवा मजला. आधीच्या उंटाच्या शंका माझ्याच. आता सांगा, मी दारात उभी असताना लिफ्टचं दार मिटतंच कसं?" तळघरात स्टोअरकीपरने दोन्ही हातांनी डोकं धरलं. बारा वाजता नोंदी होत्या चौसष्ट आणि बारा वाजून एक मिनिटाने बाईंचं बोलावणं होतं.

वर सगळे जमले होते. त्याने जमिनीकडे बघत सगळं कबूल केलं. बस, वळण, गट, उंट, पाणघोडा.

"म्हणजे नोंदी घरच्यांच्या?" बाईंनी विचारलं.

"सव्वीस घरच्या, मॅडम. एक माझी चाचणी," तो म्हणाला. "सदतीस आमच्या," मोठे मिस्त्री मधेच म्हणाले. "आणि त्या तुम्ही सांगितलंत म्हणून नाही लिहिल्या. यांच्या सासूबाईंनी इतकं मनापासून विचारलं, म्हणून लिहिल्या. मला सव्वीस वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं." एवढं बोलून ते एकदम खिडकीबाहेर बघू लागले.

"मलापण," छोटे मिस्त्री म्हणाले. दोघांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती.

बाईंनी पान वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. मग हसल्या. "प्रशिक्षण विभाग सुरू. तुम्हीही वर या. तळघर पुरे झालं."

सोमवारी तो घरून अर्धा तास आधी निघाला, पायऱ्या चढून वर गेला आणि दारातच थबकला. खोलीत टेबलं दोन होती. खिडकीजवळच्या टेबलाशी ठेवणीतली साडी नेसून, मोठ्या मिस्त्रींनी स्वतः आणून दिलेला चहा पीत, त्याच्याही आधी घरून निघालेल्या सासूबाई बसल्या होत्या. आठवड्यातून दोन दिवस, शंका विचारण्यासाठी, रीतसर नेमणूक. त्यांनी विचारायचं आणि दाराजवळच्या टेबलावर बसून त्याने ते पानावर चढवायचं, असं बाईंनी ठरवलं होतं.

तो आपल्या जागी बसला. खिडकीतून ऊन येत होतं, समोरच्या झाडाची फांदी हलत होती आणि हे सगळं सासूबाईंच्या खांद्यावरून का होईना, पण चांगलं दिसत होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कामाच्या जागी त्याच्या गालाला वारा लागला. त्याने डोळे मिटले.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तेवढी खिडकी लावून घ्या. मला वारा बाधतो."

तो उठला आणि त्याने खिडकी लावली.