आधी हात दाव

आमच्या जळीत वॉर्डाच्या आक्का माणसाचं तोंड कवा बघायच्याच न्हाईत. आधी हात. नवा डॉक्टर येऊ दे, पाहुणा येऊ दे, न्हायतर पुढारी, आक्कांचं एकच, "हात दाव." आन् बोटात अंगठी दिसली की, "काढ."

आता त्या रिटायर झाल्या. नव्या सिस्टर गोड हाईत, तोंड बघून हसत्यात. मला काय करमत न्हाय.

आक्का हेड सिस्टर, मी स्ट्रेचर ढकलणारा. त्या खानापुराकडच्या, पर सारी नोकरी बेळगावातच झाली. टिळकवाडीत एक खोली, लगीन न्हाय, घरात वाट बघणारं कोण न्हाय. मी निपाणीकडचा, शाळंला आन् मला एकमेकांचा लई कंटाळा. कामावर आलो तवा माझ्या बोटात शनीची अंगठी हुती, नोकरी लागावी म्हणून घातलेली. नोकरी लागली, पर अंगठी निघंना. आक्कांनी साबण लावला, दोरा गुंडाळला आन् वढली. मी असा बोंबललो की भाजलेली माणसं उठून बसली आन् माझ्याकडं बघून हळहळाय लागली.

"भाजलेला हात बघता बघता सुजतोय रं," आक्का म्हणाल्या. "अंगठी न्हाय सुजत. मग बोट जातंय."

"पर आक्का, मी कशाला जळतोय?"

"जळणारा काय इचारून जळतोय व्हय?"

दुसरं याड जत्रेचं. "एक आला तर पेशंट, गाडी भरून आली तर जत्रा. आन् जत्रेची तयारी जत्रेच्या दिवशी करायची नसती." म्हणून दरसाल दिवाळीच्या आधी खोटी जत्रा. चादरी उकळायच्या, सलायनी टांगायच्या, वऱ्हांडा मोकळा करायचा. आन् जळालेला माणूस कोण? मीच. अंगाला बिटाचा रस फासायच्या आन् म्हणायच्या, "वरड."

पहिल्या साली मी जीव तोडून वरडलो. आक्कांनी ढुंकून बघितलं न्हाय. "वरडतोय म्हंजे श्वास हाय. गप पडलाय त्याला आधी घ्या." माझा नंबर शेवटचा. तवर बिटाला मुंग्या लागल्या आन् मी खरंच वरडाय लागलो, तरी कोण येईना.

म्होरल्या साली मी शाणा झालो. गपच पडलो. इतका गप की झोप लागली. नव्या डॉक्टरनं घाईत बघितलं, गळ्यात काळी पट्टी अडकवली, म्हंजे हा गेला, आन् मला कडंला सारलं. नेमकी बायको डबा घेऊन आली. पट्टीचा अर्थ तिला कुणीतरी सांगितला. तिनं माझ्याकडं बघितलं आन् इचारलं, "मग डबा परत न्यू काय?"

लई हसायचो आम्ही. मग एका दुपारी खरी जत्रा आली.

गुंजीकडच्या एका गावात महाप्रसादाला सिलिंडर पेटला. पुऱ्या तळणाऱ्या बायका टेम्पोतनं आल्या. इचार कराय येळच नव्हता. पर स्ट्रेचर कुठं वळवायचं, कुणाला आधी न्यायचं, हे हातांना ठावं हुतं. समदं बिटाच्या रसात शिकलेलं.

त्यातली एक पारूबाई. दोनी हात भाजलेलं, मनगटं फुगाय लागलेली आन् त्यात हिरव्या काचंच्या बांगड्या रुतल्याल्या. डॉक्टर म्हणालं, "आत्ता काढा, न्हायतर हात जातील." पारूबाईनं हात छातीशी धरलं. "बांगड्या फोडू नगा! माझं मालक जित्तं हाईत!"

मला वाटलं, आपण समजूत काढावी. "मावशी, माझ्या बायकोनं रागानं कितींदा फोडल्या, मी हाय की अजून." पारूबाईनं मला खालपासनं वरपतोर बघितलं आन् जास्तच रडाय लागली.

आक्कांनी मला बाजूला सारलं. "जा, तिच्या मालकाला आण." ज्या आक्का पुढाऱ्याला उंबरा वलांडू देत नव्हत्या, त्यांनी त्या माणसाला टोपी-गाऊन चढवून दारात उभा केला. पंगतीत वाढत हुता म्हणून वाचलेला. त्याच्या पायजम्यावर आमटी तशीच.

"पारूबाई, फोडत न्हाय, वाढवतोय. बऱ्या झालासा की मी परत भरवीन, मालकाच्या म्होरं. तवर तिकडं बघा. मालक, तुमी नुसतं 'हाय' म्हणा."

बांगडीखाली वला कपडा सारायचा, चिमटा लावायचा, कट्ट. मालक म्हणायचा, "हाय." दुसरी, कट्ट. "हाय." शेवटी त्याचा आवाज रडण्यात बुडाला, तर पारूबाईच वरडली, "नीट म्हणा की वो!"

हात वाचलं.

ती घरी निघाली त्या दिवशी आक्कांनी कासारणीला बोलवून वऱ्हांड्यात बसवलं. नव्या गुलाबी कातडीवर सैल मापाच्या बांगड्या, हळूहळू, फुंकर घालत भरल्या. दोनी हात हिरवंगार. मग पारूबाई म्हणाली, "आता आक्कांना भरा."

"मला कशाला गं? ड्युटीवर चालत न्हाईत."

"ड्युटी तर ह्या म्हयन्यात संपतीया," मी तोंड घातलं. आक्कांनी डोळं वटारलं. पर बसल्या. ॲप्रनला हात पुसून म्होरं केला.

कासारणीनं बोटं जुळवली, अंगठा आत दाबला. बांगडी पंजावरच अडली. मोठं माप घेतलं, ते बी अडलं.

"आक्का, हात ढिला सोडा की."

"ढिलाच हाय."

"न्हाय वो. ताठ धरलाय. सोडा."

आक्का आपल्या हाताकडं बघत ऱ्हायल्या.

"कसा सोडायचा गं?" त्यांनी हळूच इचारलं.