सिंधूअक्कांची सव्वा मूठ

गेली तेरा वर्षे कानबाईच्या मिरवणुकीत सिंधूअक्का सर्वांत मागे, इतरांच्या चपला सांभाळत चालत आल्या. त्यांना तिथे कोणी पाठवले, हे आमच्या भाऊकीत दोघांनाच ठाऊक होते. एक आमचे वडीलधारे आबा. दुसरा मी, कारण आबांच्या कानात विष घालणारा मीच होतो.

कानबाई ही आम्हा खानदेशी घरांची श्रावणातली पाहुणी. नारळाला डोळे, नथ, लुगडे. रविवारी स्थापना आणि सोमवारी पाटावर बसून, डोक्यावरून तलावाकडे विसर्जनाला. आमच्या भाऊकीत पाट उचलण्याचा मान थोरल्या सुनेचा, सवाष्ण असो वा विधवा. अक्का माझ्या दिवंगत चुलतभावाच्या पत्नी, म्हणजे मान त्यांचाच. तो मान काढून घेतला गेला, तेव्हा त्यांनी कारण विचारले नाही. पुढच्या वर्षी एक गोणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “बठ्ठा लोक अनवानी चालतस. चपला मी पाहस.”

त्या गोणीतून चप्पल परत मिळवणे सोपे नसे. तलावावर वाजंत्री घुमते आहे, फुगड्या रंगल्या आहेत, आणि अक्का एकेकीची उलटतपासणी घेताहेत.

“धाकलं कितला महिनानं?”

“सात, अक्का.”

“आखो ईचार शे का?”

“सासूबाई म्हणतात...”

“सासू बाळंतीन व्हनार शे का? तू बोल!”

एक नवी नवरी पाऊण तास अनवाणी उभी होती. शेवटी तिने “मला दोन वर्षे मूल नको!” असे इतक्या मोठ्याने म्हटले की ढोलवाल्याची टिपरी चुकली. अक्कांनी खाली वाकून स्वतः तिच्या पायांत चपला सरकवल्या.

पिंपळनेरकडच्या खेड्यांत तीस वर्षे सरकारी नर्स म्हणून राबून अक्का पिंप्राळ्यात स्थायिक झाल्या. सकाळची पूजा दोन तासांची. त्या वेळात दारात प्रत्यक्ष जिल्हाधिकारी आले तरी “थांबा, देवी आंग धोई राह्यनी” असे उत्तर मिळेल. त्यांच्या करंड्याला दोन कप्पे. एकात कुंकू, दुसऱ्यात पाळणा लांबवण्याच्या गोळ्या. मी एकदा दबकत विचारले, “अक्का, हे देवीच्या करंड्यात?” त्या म्हणाल्या, “आठे बी देवीनं, तठे बी देवीनंच.”

त्यांचे आवडते वचन एकच: “जिनं पोट, तिना सबद.” ते कोणाच्या बाजूने पडेल, याचा नेम नसे. चाळीसगावचे एक सासरे सुनेला घेऊन आले. मुलगी असेल तर ‘मोकळी करा’ म्हणाले. अक्कांनी त्यांना चहा पाजला, सुनेला आत नेऊन विचारले आणि बाहेर येऊन लाटणे उचलले. सासरे रिक्षाथांब्यापर्यंत धावले. सासऱ्यांची पन्नाशीतली ती चपळाई पाहून गल्लीने टाळ्या वाजवल्या. सुनेला मूल हवे होते. तिच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू अक्कांनीच वळले.

त्यांच्या याच वचनाने मी दुखावलो होतो. आम्हाला दोन मुली. दुसऱ्या खेपेस सुनंदा, माझी पत्नी, मरता मरता वाचली. तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा ‘हे बाळंतपण नको, गर्भपात करू का’ असे तिने मला तीनदा विचारले. तिन्ही वेळा मी “देवाची इच्छा” म्हणून पोथी उघडून बसलो. चौथ्यांदा तिने मला विचारले नाही. ती अक्कांसोबत रुग्णालयात गेली. मी तिथे धावत पोहोचलो आणि दाराशीच ओरडलो, “माझ्या सहीशिवाय?”

“सही तिनी लागस, भाऊ. तुम्हनी नही,” अक्का शांतपणे म्हणाल्या. आणि मग, “बसा. घाबरायेल शेतस तुम्ही. पानी लेवा.”

ते पाणी मी प्यायलो. आणि त्याच आठवड्यात आबांना सांगितले की, असल्या हातांनी कानबाई उचलली जाऊ नये. माझ्या घरचे नाव मात्र मी घेतले नाही. मला वाटले, मी धर्म राखला. राखला होता तो केवळ माझा मान. देवाचे नाव मी पांघरूण म्हणून वापरले होते.

यंदा आबांचा हात थरथरू लागला, म्हणून रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मोजण्याचे काम माझ्याकडे आले. कानबाईच्या रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढतात. ओटा माणसांनी भरलेला, बायकांची गाणी टिपेला. मी नावे पुकारत मुठी टाकत होतो. माझ्या घराची सव्वा मूठ एकच, माझी.

परात उचलताना पाहतो, तर ढीग मोजणीपेक्षा बराच मोठा. मागे अक्का पदराची गाठ चोरून बांधत होत्या. सुनंदा हसली. “दर वर्षी टाकतात. माझी, आपल्या दोन्ही पोरींची, सगळ्या जावांची. तुम्हाला आजच दिसले?”

माझ्या दोन लेकी तेरा वर्षे देवीच्या मोजणीत होत्या, त्या अक्कांमुळे.

“आणि अक्का, तुमची?” मी विचारले.

त्या प्रथमच गडबडल्या. “मन्ही कसानी? मन्हा घर मा गडी मानूस नही, पोर नही. मन्हं घर मोजामा येत नही, भाऊ.” आणि घाईघाईने हसल्या. “दुसरानी टाकता येस. सोतानी सोता टाकाले लाज वाटस.”

गाणे थांबले होते. मी गव्हात हात घातला. सव्वा मूठ भरून घेतली. ते गहू परातीत सोडले आणि एरवी हळू बोलणारा मी, ओट्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

“ही सिंधूअक्कांची. अक्का, तेरा वर्षांपूर्वी तुमच्या डोक्यावरचा पाट मी काढवला. सुनंदाचा जीव तुम्ही जपलात, म्हणून काढवला. माझे चुकले. मला क्षमा करा. सोमवारी पाट तुम्ही घ्या. चपला मी सांभाळीन.”