निमकरकाकांचा पीच

निमकरकाका कोणाकडेही गेले की दार वाजवायच्या आधी झाडाशी जातात. तेही झाड बघायला नाही. झाड काय, सगळेच बघतात. काका गुडघे टेकून, गाल जवळजवळ मातीला लावून, बुंध्याचा खालचा वीतभर भाग बघतात. आमची ओळख अशीच झाली. ऑस्ट्रेलियात, गुंगालिनला आम्ही घर घेतलं त्या आठवड्यात खिडकीतून पाहिलं, तर सत्तरीतला एक मराठी चेहऱ्याचा गृहस्थ आमच्या प्लमच्या झाडाखाली आडवा. मला वाटलं चक्कर आली. पाणी घेऊन धावलो. त्यांनी अर्धा ग्लास प्यायला, उरलेला झाडाला घातला आणि विचारलं, "खुंट कुठला?"

मी मान हलवली. ऑफिसात मीटिंगमध्ये हलवतो तशीच, काही न कळता पण जबाबदारीने.

खुंट म्हणजे काय, ते मग मला दर रविवारी चहासोबत शिकवण्यात आलं. पीचचं झाड एक नसतं, दोन असतात. वरच्याला फळं लागतात, खालचं नुसती मुळं पुरवतं, आणि कलम जिथे बांधलं तिथे गाठ दिसते. खालचा तो खुंट. "वरच्याला थंडी सोसेल की नाही, ते खालचा ठरवतो," काका सांगत. "उबदार मुलखातला खुंट असला की झाड वेळेवर झोपायलाच तयार नसतं. मेपर्यंत पानं हिरवी. मग फ्रॉस्ट पडतो, साल फाटते, खलास. चांगला खुंट झाडाला आधीच सांगतो, बाबा रे, पसारा आवर."

हा प्रश्न त्यांनी कशालाही लावला. कोणी सांगितलं की मुलीचं लग्न ठरलं, मुलगा डॉक्टर आहे, तर काका विचारणार, "ते वरचं झालं. खुंट कुठला?" त्यामुळे लोक त्यांना फारसं बोलवत नसत. आम्हीही बोलवत नसू. ते यायचे.

काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. काकूंना जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी लांब दुसऱ्या शहरात, वेरिबीला. ते भाड्याच्या घरात एकटेच राहायचे आणि त्या घरामागे एक जुना पीच होता. काकूंनी लावलेला. घरमालकाने घर विकायला काढलं, काकांना दुसऱ्या मजल्यावरच्या युनिटमध्ये जायचं होतं, आणि पीच काही जिना चढत नाही. म्हणून त्यांनी त्याच्या फांदीवरचा डोळा काढून थंडी सोसणाऱ्या खुंटावर भरला आणि ते हातभर रोप आमच्या अंगणात आणून लावलं. नव्या मालकाने जुनं झाड पहिल्याच महिन्यात तोडलं. "आता हे एकच राहिलं," काका मला म्हणाले. "एवढी पहिली थंडी काढू दे त्याला."

"नो वरीज, काका," मी म्हणालो. ऑस्ट्रेलियात दहा वर्षं राहून मी हे एक वाक्य शिकलोय आणि जिथे काळजी करायलाच हवी नेमकं तिथे वापरतो.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याची पानं पिवळी पडायला लागली. आता माझा जन्म पुण्याचा. एप्रिल म्हटलं की माझ्या डोक्यात ऊन तापतं. झाड उन्हाळ्याने सुकतंय, हे मी ठरवूनच टाकलं. इथे एप्रिलमध्ये पानगळ सुरू होते आणि ठरवताना माझ्या अंगात जाकीट होतं, ते सोडा. सकाळ-संध्याकाळ पाणी आणि वर दोन मुठी युरिया. अनुजा, माझी बायको, म्हणाली, "निखिल, काकांना विचार ना आधी." मी म्हणालो, "प्रत्येक गोष्ट काय विचारायची?" आमच्या घरातल्या बहुतेक दुर्घटनांची सुरुवात ह्या वाक्याने होते.

झाड टवटवीत झालं. मे आला, गल्लीतली सगळी झाडं उघडी पडली, आमचं आपलं हिरवंगार. काका तीन रविवार त्याच्यासमोर बसून राहिले. "खुंट तर थंडीचाच घेतला होता मी," ते पुटपुटायचे. "माझंच काही चुकलं का?" त्या माणसाने स्वतःचा सगळा अभ्यास उलटापालटा करून पाहिला, पण माझ्यावर संशय घेतला नाही. आणि मी युरियाची पिशवी गॅरेजात इस्त्रीच्या टेबलामागे लपवून समोर बसून चहात बिस्किट बुडवत होतो.

जूनमध्ये फ्रॉस्ट पडला तेव्हा काका पंधरा दिवसांसाठी मुलीकडे गेले होते. मी नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवं हवं, तपकिरी निघालं.

खरं सांगायला हिंमत लागते, नर्सरीत जायला फक्त गाडी लागते. मी तेवढ्याच उंचीचं रोप आणलं. थंडीत पानं नसतात, सगळ्या काठ्या सारख्याच. जुन्यावरची काकांच्या अक्षरातली चिठ्ठी सोडवून नव्यावर बांधली, कलमाच्या गाठीवर चिखल फासला. काका सहाव्याच दिवशी परत आले. "त्यांचं सगळं बिझी असतं," एवढंच म्हणाले आणि झाडाशी गुडघे टेकून बसले. बराच वेळ उठेनात. मग पँट झटकत म्हणाले, "तगेल."

मी इतका खूश झालो की गुप्तहेर खात्याने माझ्यासारखा माणूस गमावला, असं अनुजाला ऐकवलं.

दीड वर्ष गेलं. काका दर रविवारी येत, बुंधा बघत, चहा घेत. मग गेल्या डिसेंबरात झाडाला पाच फळं धरली. लालभडक, गुळगुळीत, चकाकणारी. पीचला अंगभर लव असते, हे कोणालाही कळतं. घाईत मी नेक्टरिन, म्हणजे पीचचाच बिनलवेचा भाऊ, उचलून आणलं होतं.

"काका, दॅट्स अ नेक्टरिन," आमची सात वर्षांची इरा म्हणाली.

काकांनी फळाला हात लावून पाहिलं. "यंदा लव जरा कमी धरलीय, बाळा," ते म्हणाले.

माझ्याने राहवेना. मी तिथेच गवतात बसलो आणि युरियापासून चिखलापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे रे," काका म्हणाले. "मी गाठ वीतभर वर बांधतो. ह्याची जमिनीलगत आहे. त्याच दिवशी दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाईट वाटलं. फार वाटलं. हिचं झाड होतं ते. पण बोललो असतो तर तू ओशाळला असतास. मग पुढच्या रविवारी मी कुठे जायचं? नुसतं चहा प्यायला कोणाकडे कसं जाणार? बघायला काहीतरी असलं की जाता येतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाड मारल्याचं तर होतंच. पण दर रविवारी समोर बसणाऱ्या माणसाला आमच्याकडे यायला निमित्त लागतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

अनुजा मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "काका, पुढच्या रविवारी जेवायलाच या. झाडबीड काही बघायला नाही."

"किती वाजता?" काकांनी विचारलं.

"कधीही या हो," मी म्हणालो.

"तसं नको. वेळ सांग. म्हणजे मी तयार होऊन बसतो."