विश्रांतीची डबी

क्लचचं पेडल खाली गेलं ते गेलंच. घड्याळजींनी पाय उचलला तरी पेडल आपलं तळाला चिकटून बसलेलं. त्यांनी बुटाच्या टोकाने ते खालून ढकललं, तेव्हा कुठे कुरकुरत वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तिथेच मुक्काम.

“काय झालं?” बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

“काही नाही गं. जरा रुसलीय.”

“मी रुसले तर महिनाभर पत्ता लागत नाही तुम्हाला. तिचं बरं लगेच कळतं!” असं म्हणून ती आत गेली आणि जाळीचं दार तिच्या मागे आपोआप खट्‌कन बंद झालं. हे दार वर्षानुवर्षं सताड उघडं राहायचं. गेल्या पंधरवड्यापासून मात्र ते गुणी बाळासारखं मिटत होतं. घड्याळजींनी दोनदा त्याचं कौतुकही केलं होतं, पण ते कशाने मिटतं हे विचारायचं काही त्यांना सुचलं नव्हतं.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेला हा माणूस. त्यांचा जीव दोनच गोष्टींत होता. एक बायको, आणि दुसरी ही तपकिरी, गोल दिव्यांची गाडी. दोघींचं जन्मसाल एकच. यातलं कोण पहिलं आणि कोण दुसरं यावर घरात बरेचदा चर्चा व्हायची आणि ती घड्याळजींना कधीच सोयीची नसायची.

या खेपेला मात्र प्रकरण हातघाईवर आलं होतं. मागच्या दोन महिन्यांत गाडी तीनदा रस्त्यात बंद पडली होती, आणि तिन्ही वेळा नवी साडी नेसून धक्का मारायची पाळी बायकोवर आली होती. तिने निकाल देऊन टाकला. रविवारी ताईला, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला, अकराच्या रेल्वेगाडीसाठी स्टेशनवर पोचवायचं. गाडीने नीट पोचवलं तर ठीक. वाटेत बंद पडली, तर चौकातल्या हॉटेलवाल्याला त्याच दिवशी ‘घेऊन जा’ म्हणून सांगायचं. हॉटेलवाला कधीचा मागे लागला होता. त्याला गाडी चालवायची नव्हतीच. ती हॉटेलच्या दारात उभी करून, इंजिन काढून तिथे कुंड्या ठेवायच्या होत्या. बॉनेटखाली जास्वंद फुललीय असं दृश्य डोळ्यांसमोर आलं की घड्याळजींना घास जायचा नाही.

आणि आज शनिवार होता.

त्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला. तो नेमका बाहेरगावी.

“उद्या दुपारी येतो, काका. आधी सांगा, पेडलची स्प्रिंग जागेवर आहे ना? तीच पेडल वर ओढते.”

“आहे की.”

“वाकून बघितलंत?”

“बघितलं,” घड्याळजींनी ठोकून दिलं.

वाकणं तर शक्यच नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गाडी चालवायला परवानगी होती, पण महिनाभर डोकं खाली करायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. पण स्प्रिंग जागेवर आहे याची त्यांना दुसऱ्याच कारणाने खात्री होती. ठेवून द्यायच्या घड्याळाची चावी उतरवून ठेवावी, म्हणजे आतली स्प्रिंग ताणून ताणून थकत नाही, हा त्यांच्या धंद्यातला नियम. तोच त्यांनी गाडीला लावला होता. आठवडाभर गाडी उभी राहणार असली की ते पेडलची स्प्रिंग हळूच काढायचे, पुसायचे आणि एका डबीत ठेवायचे. डबीवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘विश्रांती’. ही गोष्ट त्यांनी गॅरेजवाल्याला कधी सांगितली नव्हती. तो आठ दिवस हसला असता.

फोन ठेवून त्यांनी कपाटातली डबी उघडून पाहिली. डबी रिकामी. म्हणजे स्प्रिंग गाडीत. ऑपरेशनच्या गडबडीत आपण ती परत लावली असणार. हिशेब चोख होता.

मग दोष दुसरीकडे शोधायचा. पायाखालची सतरंजी काढून पाहिली. पेडल खालीच. बिजागरी सुकली असेल म्हणून त्यांनी काठीला सुई बांधली, सुईच्या टोकावर घड्याळाच्या तेलाचा एक थेंब घेतला आणि मान ताठ ठेवून, अंदाजाने तो अंगठ्याएवढ्या जाड दांड्यावर सोडला. मोठ्या घड्याळाला तो थेंब पाच वर्षं पुरला असता. पेडलला तो लागलासुद्धा नाही.

“मी बघू का वाकून?” बायको म्हणाली.

“तुला काय कळणार त्यातलं!”

ती ओठ मिटून आत गेली. खट्‌.

रविवारी सकाळी घड्याळजींना उपाय सुचला. कपडे वाळत घालायच्या निळ्या दोरीचं एक टोक त्यांनी पेडलला बांधून घेतलं. बांधलं ताईने, तेही “भाऊजी, माझ्या वयाला हे शोभतं का?” असं म्हणत. दुसरं टोक शेजारच्या सीटवर, बायकोच्या हातात.

“मी दाबलं की ढिली सोड. मी ‘ओढ’ म्हटलं की हळूहळू ओढ.”

बायकोने दोरी हाताला गुंडाळून पाहिली. “म्हणजे गाडी राहणार की जाणार, ते माझ्या हातात आहे?”

घड्याळजींनी चावी फिरवली. “आत्तापुरतं तसंच म्हणायचं,” ते म्हणाले.

निघाले. “ओढ!” गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि मागे बसलेल्या ताईच्या मांडीवरची पिशवी तिच्या डोक्यावर गेली.

“हळू म्हटलं ना!”

“मग हळू बोला! तुम्ही ओरडलात, मी ओढलं.”

दुसऱ्या गल्लीपर्यंत जरा जमलं. तिसऱ्या वळणावर बायकोला ओळखीची शिंपीण दिसली. तिने हात हलवला. नेमका दोरीचाच हात. गाडी गचके खात शिंपिणीच्या दारापर्यंत गेली आणि बायकोने तेवढ्यात ब्लाऊज कधी मिळणार तेही विचारून घेतलं. मात्र त्यानंतर हळूहळू तिला लय सापडली. घड्याळजींनी ‘ओढ’ म्हणायच्या आधीच ती ओढू लागली. त्यांचा गुडघा हलला की तिला कळायचं.

“तुम्हाला गिअर टाकायला उशीर होतो,” ती म्हणाली.

“हो का?” घड्याळजी म्हणाले, आणि पुढचा गिअर त्यांनी खरंच लवकर टाकला. गाडी लोण्यासारखी पळाली.

चौकात सिग्नल लागला. डाव्या हाताला हॉटेल. दारात कुंड्या आधीच ओळीने मांडून ठेवलेल्या. पेडल तळाशी, गाडी थांबलेली आणि हॉटेलवाला हसत हसत पुढे आलेला.

“काय काका, बंद पडली ना? म्हटलं होतं मी!”

ताई मागून बहिणीच्या कानात कुजबुजली, “सोडून दे दोरी. आत्ताच सुटशील बघ कटकटीतून. मी रिक्षाने जाते.”

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. घड्याळजी ‘ओढ’ म्हणणार होते, पण नुसते बायकोकडे बघत राहिले. तिचा हात मांडीवर होता आणि दोरी ढिली.

“काकू, उतरा तुम्ही,” हॉटेलवाला खिडकीत वाकून म्हणाला. “अहो, हे मॉडेल आता चालवायचं नसतं. इतकं वय झालं की एका कोपऱ्यात शोभेला ठेवायचं.”

बायकोने सावकाश मान वळवली. “कोणत्या सालचं मॉडेल आहे, माहीत आहे का तुला?” तिने विचारलं. त्याने साल सांगितलं. बरोबर सांगितलं.

“बाजूला हो,” ती म्हणाली, आणि दोरी अशी ओढली की हॉटेलवाला मागच्या मागे कुंड्यांत बसला.

अकराला दहा कमी असताना ते स्टेशनवर पोचले. ताई डब्यात चढली, खिडकीतून म्हणाली, “पुढच्या वेळी मला दोरी द्या हं,” आणि गेली.

दुपारी गॅरेजवाला आला. गाडीत डोकं घालून त्याने बॅटरीचा उजेड पाडला आणि लगेच बाहेर आला. “काका, स्प्रिंग कुठाय? इथे नुसता रिकामा हूक आहे.”

“अरे, आहे! डबी रिकामी आहे म्हणजे...” घड्याळजी बोलून गेले आणि मग सगळंच सांगावं लागलं. विश्रांतीसकट. गॅरेजवाला पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. तेवढ्यात बायको त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. तिच्या मागे जाळीचं दार मिटलं. खट्‌.

गॅरेजवाल्याचं हसणं थांबलं. तो उठला, दाराजवळ गेला, वरच्या कोपऱ्यात बघत राहिला. “काकू, ही स्प्रिंग कुठून आणलीत?”

“ह्यांच्या डबीतून. वर ‘विश्रांती’ लिहिलं होतं. म्हटलं, या घरात कुणाला तरी विश्रांती मिळतेय म्हणायची! दिली कामाला लावून.”

घड्याळजींनी दाराकडे पाहिलं. याच दाराचं आपण दोनदा कौतुक केलं, ते त्यांना आठवलं. “काल तू वाकून बघते म्हणालीस...” ते पुटपुटले.

“हो. पण मला काय कळणार त्यातलं!”

घड्याळजी खरोखरच वरमले. “चुकलं माझं,” ते म्हणाले, आणि हे ते गॅरेजवाल्यासमोर म्हणाले.

गॅरेजवाल्याने पकड काढली. “दोन मिनिटांचं काम आहे, काकू. दाराची काढतो, गाडीला लावतो.”

“हात लावू नकोस,” बायको म्हणाली. “दाराला राहू दे. चांगलं मिटतंय. गाडीला मी आहे.”

“अहो, पण दर वेळी तुम्ही दोरी ओढणार?”

“दर रविवारी,” म्हणत तिने निळी दोरी नीट गुंडाळली आणि कपाटातली रिकामी डबी आणून तीत बसवली. “बाकीचे सहा दिवस विश्रांती. डबीवर लिहिलेलंच आहे.”